मतदारसंघाची रेघ कोणी ओढावी?

एक सोपे गणित मांडून पाहा. नऊ सारख्या वाड्या आहेत. पाच वाड्यांचा कौल एका पक्षाला, चारांचा दुसऱ्याला. तीन-तीन वाड्यांचे तीन मतदारसंघ पाडायचे. पहिल्या पक्षाच्या तीन वाड्या एकाच मतदारसंघात कोंबल्या, तर उरलेल्या दोहोंत दुसऱ्याच्या दोन-दोन वाड्या येतात. म्हणजे चार वाड्यांचा धनी दोन जागा जिंकतो आणि पाचांचा एकच! एकही मत खोटे पडलेले नाही. रेघ ओढणारा हात तेवढा हुशार होता.

अमेरिकेत हा प्रकार जुना. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या कारकिर्दीत आखलेला एक मतदारसंघ सॅलमँडर या पालीसारख्या प्राण्यासारखा दिसला, म्हणून अशा आखणीला 'गेरीमँडरिंग' हे नाव पडले. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मात्र २००८ साली विधिमंडळाच्या मतदारसंघांची आखणी आमदारांच्या हातून काढून चौदा नागरिकांच्या आयोगाकडे दिली. २०१० साली संसदेच्या प्रतिनिधिगृहाचे मतदारसंघही त्यात आले.

या आयोगाला पदवीची अट नाही, हे वाचून मला फार बरे वाटले. मागील तीन सार्वत्रिक निवडणुकांपैकी दोनांत मतदान केलेले असावे, ही अट मात्र आहे. माझे वडील शाळेत गेलेले नाहीत, पण मतदान त्यांनी कधी चुकविले नाही. (अर्जात लांबलचक उत्तरे लिहावी लागतात, तेथे ते अडतील, हेही खरे!) गेल्या दहा वर्षांत जो स्वतः किंवा ज्याचा जवळचा नातलग उमेदवार अथवा पक्षाचा पगारी नोकर होता, त्याला दार बंद.

सरकारी लेखापरीक्षक साठ नावे निवडतात. विधिमंडळातील नेते त्यांतील चोवीसपर्यंत नावे खोडू शकतात. उरलेल्यांतून आठ जण सोडतीने निघतात. आपल्याकडे आरक्षणाची चिठ्ठी काढतात तसेच. हे आठ जण पुढचे सहा निवडतात. दोन मोठ्या पक्षांचे पाच-पाच आणि दोहोंपैकी कोणाचेच नसलेले चार, अशी ही रचना.

खरी मेख पुढे आहे. नकाशाला नऊ मते हवीत, पण तिन्ही गटांतून किमान तीन-तीन. दोन्ही पक्षांचे दहाही सदस्य आणि उरलेल्यांपैकी दोघे, असे बारा जण एक झाले तरी नकाशा नापास! बहुमताची इतकी खोड मोडणारा नियम माझ्या वाचनात दुसरा नाही. आपल्या परिसीमन आयोगात खासदार-आमदार सहयोगी सदस्य असतात, त्यांना मताधिकार नसतो. पण तेथे सामान्य माणसाचे काम हरकत नोंदविण्यापुरतेच.

तरीही ४ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आयोगाचा प्रतिनिधिगृहापुरता नकाशा २०३० च्या निवडणुकीपर्यंत बाजूला ठेवला आणि विधिमंडळाने केलेला स्वीकारला. टेक्सासने आपल्या सत्ताधारी पक्षाच्या सोयीने रेघा बदलल्या, त्याला हे उत्तर होते. शेजारी लबाडी करतो म्हणून आपली मोजपट्टी मोडावी, हे मला पटत नाही. पण एकट्यानेच नियम पाळून हरत राहावे काय, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. २०३१ साली रेघा पुन्हा आयोगानेच ओढायच्या आहेत.