न्यायाधीश निवडून देणारं टेक्सास

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, अमेरिकेत न्यायाधीशसुद्धा मतदानानं निवडतात हे खरं का? खरं आहे. सगळीकडे नाही, पण टेक्सासमध्ये नक्की.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मी मुलीकडे ह्यूस्टनला होतो. जावई तिथला नागरिक, त्यामुळे मतदार. जेवणाच्या टेबलावर त्यानं नमुना मतपत्रिका पसरली. पानामागून पानं, आणि त्यांत बहुतेक नावं न्यायाधीशपदाच्या उमेदवारांची. मी विचारलं, "यातल्या कितीजणांना ओळखतोस?" तो हसून म्हणाला, "बाबा, एकालाही नाही. नावापुढचा पक्ष बघतो."

आधी एक गोंधळ दूर करू. टेक्सासमध्ये २५४ कौंट्या आहेत. कौंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. प्रत्येक कौंटीत चार वर्षांसाठी एक ‘कौंटी जज’ निवडून येतो. राज्यघटनेची अपेक्षा एवढीच की त्याला राज्याच्या कायद्याची चांगली माहिती असावी. वकील असण्याची अट नाही! मोठ्या कौंटीत हा जज खटले जवळजवळ चालवतच नाही. चार कमिशनरांबरोबर बसून तो अंदाजपत्रक मंजूर करतो आणि चक्रीवादळात आपत्ती व्यवस्थापन सांभाळतो. आपल्याकडचा जिल्हा परिषद अध्यक्ष आणि कलेक्टर एकत्र केले तर साधारण असा माणूस होईल. २०१७ मध्ये हार्वे वादळानं ह्यूस्टन बुडवलं, तेव्हा टीव्हीवर रोज सूचना देत होते ते हॅरिस कौंटीचे जज एड एमेट. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले.

खटले चालवणारे न्यायाधीश वेगळे. पण तेही पक्षाच्या तिकिटावरच निवडून येतात, आणि खरी गंमत, खरं म्हणजे गांभीर्य, तिथे आहे. २०१६ मध्ये हॅरिस कौंटीत एका तरुण आईला वैध लायसन्स नसताना गाडी चालवल्याबद्दल पकडलं. जामीन २,५०० डॉलर. पैसे नव्हते, म्हणून ती कोठडीत राहिली. तोच गुन्हा केलेला पैसेवाला पैसे भरून घरी जातो. तिच्या नावानं खटला उभा राहिला आणि २०१७ मध्ये केंद्रीय न्यायाधीश ली रोझेन्थाल यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. किरकोळ गुन्ह्यांच्या सोळा न्यायाधीशांपैकी बहुतेकजण तरीही पद्धतीच्या बाजूनं लढत राहिले. २०१८ मध्ये मतदारांनी जवळजवळ सगळे बदलले. नव्यांनी २०१९ मध्ये जामिनाचे नियम बदलले आणि तडजोड केली.

म्हणजे मतपेटीनं न्याय दिला? मीही आधी तसंच म्हणालो होतो. पण त्या वर्षी टेक्सासमध्ये एक बटण दाबून एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता येत होतं. (२०२० पासून ती सोय बंद झाली.) लाटेत चांगले-वाईट सगळे एकत्र वाहून गेले. जामिनाचा विचार करून मत देणारे त्यांत किती असतील?

आणि प्रचाराला पैसा लागतो. देणगी देणाऱ्यांत वकील असतात, उद्या ते त्याच न्यायाधीशापुढे उभे राहतात. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखानं एका न्यायाधीशाच्या निवडणुकीसाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्चले. तो न्यायाधीश पुढे त्याच कंपनीच्या खटल्यात बसला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यानं बाजूला व्हायला हवं होतं असं ठरवलं, तेही पाच विरुद्ध चार मतांनी.

मी नोकरीत असताना कोर्ट मार्शलवर सदस्य म्हणून बसलो आहे. शपथ घेतली की समोरचा जवान कुणाच्या पलटणीचा हे विसरायचं असतं. ते सोपं नसतं, पण निदान मला त्याच्या पलटणीची मतं मागायची नव्हती. आपल्याकडे जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक घटनेच्या कलम २३३ प्रमाणे उच्च न्यायालयाच्या सल्ल्यानं राज्यपाल करतात. त्यातही दोष आहेत. जामिनाच्या रकमेअभावी अडकलेले कच्चे कैदी आपल्या तुरुंगांतही आहेत, आणि त्यासाठी आपण कुणाला मतपेटीतून घरी पाठवू शकत नाही.

जावयानं त्या रात्री संगणक उघडला आणि फौजदारी न्यायालयाच्या उमेदवारांची माहिती वाचत बसला. साडेअकरापर्यंत त्याची चार नावं झाली होती. मी झोपायला गेलो.