रुडेल, मुळगावकर आणि शौर्याचा प्रश्न

मेढ्यात शौर्य या विषयावर बोलायचं म्हणजे धाडसच. इथे समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरात कुणी ना कुणी पलटणीत होतं किंवा आहे. म्हणून सुरुवात लांबून करतो, जर्मनीपासून.

हान्स-उलरिश रुडेल. जन्म १९१६चा. दुसऱ्या महायुद्धात तो श्टुका विमान चालवायचा. हे विमान जवळजवळ सरळ उभं खाली झेपावतं, बॉम्ब सोडतं आणि जमीन अगदी जवळ आली की वर उचललं जातं. त्या क्षणी शरीराचं वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. सप्टेंबर १९४१मध्ये रुडेलने क्रोनश्टाट बंदरात 'मारात' ही रशियन युद्धनौका बुडवली. पुढे पंखांखाली ३७ मिलिमीटरच्या दोन तोफा लावलेलं श्टुका आलं. रणगाड्याचं चिलखत मागच्या बाजूला आणि वरती पातळ असतं, म्हणून तो मागून, अगदी खालून यायचा. एकूण उड्डाणं २,५३०. जर्मन हिशेबाने ५१९ रणगाडे. फेब्रुवारी १९४५मध्ये उजवा पाय गेला, तरी काही आठवड्यांत गडी पुन्हा विमानात! हिटलरने त्याला जे सर्वोच्च पदक दिलं, ते दुसऱ्या कुणालाच मिळालं नाही.

आता सांगा, हा माणूस शूर होता की नाही?

प्लेटोच्या 'लाखेस' या संवादात हाच पेच आहे. लाखेस हा सेनापती म्हणतो, शौर्य म्हणजे मनाची चिकाटी. सॉक्रेटिस विचारतो, मूर्खपणाची चिकाटीसुद्धा? सॉक्रेटिस स्वतः लढाईत उतरलेला माणूस होता, हे विसरू नका.

रुडेलची चिकाटी बघा. युद्ध संपलं, छळछावण्या जगासमोर आल्या, तरी तो नाझी विचाराला चिकटून राहिला. अर्जेंटिनात गेला, परत येऊन अतिउजव्या पक्षातर्फे निवडणुकीला उभा राहिला. १९७६मध्ये त्याला हवाईदलाच्या मेळाव्याला येऊ दिल्याचं समर्थन केलं, म्हणून पश्चिम जर्मनीने आपल्याच दोन जनरलांना घरी बसवलं.

त्याच १९७६मध्ये आपल्याकडे एक मराठी माणूस हवाईदलप्रमुख झाला, हृषीकेश मुळगावकर. जन्म मुंबईचा, १९२०चा. १९४०मध्ये हवाईदलात, मग ब्रह्मदेशाची आघाडी. स्वातंत्र्यानंतर काश्मीरच्या लढाईत विंग कमांडर म्हणून श्रीनगरला. तिथे टेम्पेस्ट विमानं दऱ्याखोऱ्यांतून खाली येऊन तोफा आणि रॉकेटं डागत. या कामगिरीबद्दल त्यांना महावीरचक्र मिळालं.

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, एक चुकीच्या बाजूला, दुसरा बरोबर. इतकं सोपं नाही हो. ब्रह्मदेशात मुळगावकरांच्या गणवेशावर इंग्रजांचा मुकुट होता आणि समोर जपान्यांबरोबर आझाद हिंद सेनाही होती. तिथल्या भारतीय सैनिकाला 'मी कुणासाठी लढतोय?' हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. दोन्हीकडची माणसं शूर होती.

मग फरक कुठे? माझ्या मते, प्रश्न मनात जिवंत ठेवण्यात. विमान झेपावतं तेव्हा विचाराला वेळ नसतो, हे मान्य. पण उतरल्यावर तो असतो. रुडेलला युद्धानंतर सदतीस वर्षं मिळाली. १९८२मध्ये तो गेला, मत न बदलता. कौशल्य अफाट, धैर्य अफाट. विवेक मात्र जमिनीवर उतरलाच नाही.

म्हणून घरातल्या फौजी आजोबांना किती मारले, हे विचारू नका. कशासाठी लढलात, आणि आज त्याबद्दल काय वाटतं, ते विचारा. आणि शांतपणे ऐका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.