मोबाइलची जत्रा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परांडा तालुक्यातल्या सोनारीला चैत्रात काळभैरवनाथाची यात्रा भरते. रथ निघतो, दुकानं लागतात आणि देवळाभोवतीची माकडं भाविकांच्या हातातल्या नारळावर डोळा ठेवून बसतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची यात्रा आठवून बघा. गर्दीत माणूस चुकला की ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं आणि वाट बघायची, एवढंच हातात होतं. आज माय कमरेचा फोन काढते, ‘कुठं हायेस रं?’ म्हणून विचारते आणि पोरगं दोन मिनिटांत समोर येतं.

यात्रेतलं चुकणं तासाभराचं. ऊसतोडीला गेलेल्यांचं तसं नव्हतं. दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातल्या टोळ्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात. आज या कारखान्याचा फड, उद्या त्या. मागे घरी म्हातारं माणूस आजारी पडलं, तर निरोप कुठे आणि कुणाकडे धाडायचा? माझ्या नात्यातल्या एका माणसाला वडील गेल्याची बातमी चौथ्या दिवशी कळली. तो गावी पोचला तेव्हा सावडणंही उरकलं होतं. फोन नसणं म्हणजे काय, हे त्याला विचारावं.

मग हा फोन त्याच्या खिशापर्यंत आला कसा? त्याची वाट अशाच एका जत्रेतून जाते. ती जत्रा भरते मात्र युरोपात.

हातात धरायच्या मोबाइलवरचा पहिला कॉल 3 एप्रिल 1973 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. मोटोरोलाचे अभियंते मार्टिन कूपर यांनी तो रस्त्यात उभं राहून केला आणि केला कुणाला, तर प्रतिस्पर्धी बेल लॅब्जच्या जोएल एंजल यांना! सामान्य ग्राहकांसाठी अशी सेवा 1979 मध्ये टोकियोत सुरू झाली. 1981 मध्ये ती स्वीडन-नॉर्वेकडच्या देशांत आली, तर 1983 मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत. त्या अमेरिकी फोनची किंमत होती 3,995 डॉलर. यामागची युक्ती सोपी आहे. सगळ्या मुलखाला एकच मोठा मनोरा न लावता मुलखाचे लहान लहान खण पाडायचे, प्रत्येक खणाला आपला टॉवर द्यायचा आणि तीच लहर थोड्या अंतरावरच्या खणात पुन्हा वापरायची. या खणाला ‘सेल’ म्हणतात. म्हणून तो सेलफोन.

अडचण वेगळीच होती. युरोपात प्रत्येकाची चूल वेगळी. ब्रिटनची पद्धत निराळी, जर्मनीची निराळी, फ्रान्सची आणखी तिसरी. सरहद्द ओलांडली की महागामोलाचा फोन मुका. शिवाय प्रत्येक देशासाठी वेगळा फोन बनवायचा, म्हणजे तो थोडाच बनणार आणि थोडा बनला की महागच पडणार. यावर 1982 मध्ये युरोपातल्या टपाल-तार खात्यांनी मिळून एक समिती नेमली. पाच वर्षांच्या चर्चेनंतर 7 सप्टेंबर 1987 रोजी कोपनहेगनमध्ये 13 देशांतल्या 15 दूरध्वनी संस्थांनी करारावर सह्या केल्या : सगळ्यांनी एकच पद्धत वापरायची. हीच जीएसएम. या पद्धतीच्या सेवेवरचा पहिला कॉल 1 जुलै 1991 रोजी फिनलंडमध्ये झाला.

जीएसएमनं आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे सिमकार्ड. ग्राहकाची ओळख फोनमध्ये न ठेवता एका चिपमध्ये ठेवली. फोन कुठलाही घ्या, कार्ड कुठल्याही कंपनीचं टाका. फोन बनवणारा आणि सेवा देणारा असे दोघे सुटे झाले आणि दोघांनाही आपापल्या बाजारात स्पर्धा करणं भाग पडलं.

या पद्धतीच्या भोवती जी संमेलनं भरू लागली, त्यांचीच पुढे जत्रा झाली. 1996 पासून ती फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या एका गावी भरे. सिनेमाचा महोत्सव होतो तेच हे गाव आणि त्याचं नाव कान! फोनवाल्यांना याहून समर्पक गाव सापडलं नसतं. पुढे तिथे माणसं मावेनात, म्हणून 2006 मध्ये मुक्काम स्पेनमधल्या बार्सिलोनाला हलला. 2008 पासून तिचं नाव मोबाइल वर्ल्ड काँग्रेस. 2019 मध्ये तिथे लाखावर माणसं आली. 2020 च्या फेब्रुवारीत कोरोनामुळे ती रद्द करावी लागली आणि दोनच महिन्यांनी चैत्रात आपल्याकडच्या गावोगावच्या यात्राही बंद राहिल्या. साथीनं दोन्हीकडे सारखाच न्याय केला.

वर्तमानपत्रांत या जत्रेतल्या चकचकीत फोनची चित्रं येतात. खरे व्यवहार मागच्या खोल्यांत होतात. कोण कुणाकडून यंत्रसामग्री घेणार, एका कंपनीचं गिऱ्हाईक दुसरीच्या मुलखात गेलं तर हिशेब कसा करायचा, पुढची पद्धत कधी आणायची, हे तिथे बोललं जातं. आपल्या बैलबाजारात दोघं जण उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवतात, तसंच.

भारतात पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. आपल्या सरकारनंही परवाने देताना जीएसएमच पत्करली होती. पण मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात आणि आलेल्या कॉललाही पैसे. असला फोन गावात कोण घेणार? 1999 च्या दूरसंचार धोरणानं कंपन्यांच्या डोक्यावरचं ठरावीक परवाना शुल्क काढून उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत आणली आणि दर उतरू लागले. 1 मे 2003 पासून येणारा कॉल फुकट झाला. गावाच्या दृष्टीनं खरी क्रांती ही! त्यानंतर ‘मिस्ड कॉल’ हा आपल्याकडचा बिनपैशाचा टपाल विभाग झाला. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर.

उरला प्रश्न फोनच्या किमतीचा. 2003 मध्ये नोकियानं 1100 हा फोन आणला. धुळीला न जुमानणारा आणि बॅटरी असलेला. भारनियमनाच्या काळात या बॅटरीचं मोल काय होतं, ते ज्यानं रात्री उसाला पाणी धरलं आहे त्याला सांगायला नको. जगभरात हे फोन पंचवीस कोटींच्या आसपास खपले. 2005 च्या फेब्रुवारीत कानच्या जत्रेत जीएसएम कंपन्यांच्या संघटनेनं आणखी एक पाऊल टाकलं. गरीब देशांसाठी 40 डॉलरच्या आतला फोन बनवण्याचं काम तिनं मोटोरोलाला दिल्याचं जाहीर केलं. तेव्हाच्या भावानं हे साधारण पावणेदोन हजार रुपये. त्याच सप्टेंबरात किमतीचं लक्ष्य 30 डॉलरवर आणलं गेलं. अनेक देशांतल्या कंपन्यांनी आपली मागणी एकत्र केली आणि घाऊक भाव पाडून घेतला. पद्धत सगळीकडे एकच होती, म्हणून हे जमलं. शिकागोतल्या त्या पहिल्या फोनची किंमत शंभर पटींनी उतरायला बावीस वर्षं लागली.

इथवर आपण गिऱ्हाईक होतो. नियम दुसऱ्यांनी केले, आपण फायदा घेतला. 5जीच्या वेळी मात्र एक निराळी गोष्ट घडली आणि तिची चर्चा फारशी झाली नाही. नव्या पद्धतीची परीक्षा घेताना ग्रामीण भागात दोन टॉवरमधलं अंतर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास धरलं जात होतं. भारतीय तज्ज्ञांनी टीएसडीएसआय या आपल्या मानक संस्थेमार्फत सांगितलं, की आमच्याकडे फायबरची तार ग्रामपंचायतीपर्यंत येते, तिथल्या टॉवरला आजूबाजूच्या वाड्या-वस्त्याही सांभाळाव्या लागतात, तेव्हा परीक्षा 6 किलोमीटर अंतराचीही घ्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं 2017 मध्ये ही अट मान्य केली. 2017 मध्येच दिल्लीला भारताची स्वतःची मोबाइल काँग्रेस सुरू झाली आणि तिच्याच व्यासपीठावरून 1 ऑक्टोबर 2022 रोजी देशात 5जीचा प्रारंभ झाला.

कागदावर अट आली, म्हणजे शिवारात रेंज आली असं नव्हे. टॉवर उभारायला पैसा लागतो आणि पैसा गर्दीकडे जातो. पण कागदावर जे नसतं, ते मागायलाही जागा नसते. वाड्या-वस्त्यांमधलं अंतर त्या कागदावर आलं, कारण ते सांगणारं माणूस तिथे हजर होतं. पुढची पद्धत 6जीची. तिचे नियम ठरवण्याचं काम आता चालू आहे. फडावर कोयता चालवणाऱ्याला घरचा निरोप त्याच दिवशी मिळाला पाहिजे, हे तिथेही कुणीतरी सांगितलं पाहिजे.