ठिपके जोडण्याआधीचं एक मिनिट

कागदावर चौकटी आखलेल्या असतात आणि प्रत्येक चौकटीत ठिपके विखुरलेले असतात. वर नमुना दिलेला असतो: एखादा चौकोन, एखादा त्रिकोण. त्याच मापाच्या आकृत्या ठिपक्यांत शोधून रेघांनी जोडायच्या. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला हे सोपं वाटेल. पण रांगोळीत ठिपके ओळीने येतात. इथे ते अस्ताव्यस्त असतात, चौकोन तिरपा झालेला असतो, त्रिकोण त्याच्यावर चढून बसलेला असतो. घाई करणारं मूल जवळचे तीन ठिपके जोडून मोकळं होतं, आणि मग चौकोनाला ठिपका पुरत नाही.

नेमकी इथे शिकवणी सुरू होते. शिक्षक उत्तर सांगत नाही. विचारतो, ‘चौकोन कशावरून ओळखलास? आधी काय शोधशील? का?’

रूवेन फॉयरस्टाईन यांच्या ‘इन्स्ट्रुमेंटल एनरिचमेंट’ या उपक्रमातल्या चौदा साधनांपैकी हे पहिलं. फॉयरस्टाईन यांचा जन्म १९२१चा, रुमानियातल्या बोतोशानी गावचा. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींच्या छळातून वाचलेली मुलं आणि पुढे मोरोक्कोतून इस्रायलला येणारी ज्यू मुलं त्यांच्यासमोर आली. बुद्धिमापन चाचण्यांत यातली कितीतरी मुलं मतिमंद ठरत होती. जिनिव्हात पियाजे आणि आंद्रे रे यांच्याकडे शिकलेल्या या मानसशास्त्रज्ञाला तो निकाल मान्य नव्हता. मुलाला आज काय येतं, यापेक्षा शिकवल्यावर ते किती बदलतं, हे पाहावं, असं त्यांनी ठरवलं. म्हणून त्यांची चाचणी तीन पायऱ्यांची झाली: आधी तपासा, मग शिकवा, मग पुन्हा तपासा. परीक्षक मुलाच्या शेजारी बसून मदत करू लागला.

ठिपक्यांच्या कागदासाठी वाचता यावं लागत नाही. त्यामुळे पुस्तक पाहताच अंग चोरणारं मूलही पेन्सिल उचलतं. मग तुलना, वर्गवारी, दिशा, सूचना समजून घेणं असं एकेक साधन पुढे येतं. आठवड्यातून काही तास, दोन-तीन वर्षं. प्रत्येक तासाच्या शेवटी एक पूल बांधायचा असतो: आज जे केलंस, ते गणितात कुठे लागेल? दप्तर भरताना? भांडण मिटवताना?

हा पूल फार महत्त्वाचा आहे, कारण कागदावरचं कौशल्य आपोआप दुसरीकडे जात नाही. मानसशास्त्रज्ञ नायजेल ब्लॅग यांनी इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या शाळांत या उपक्रमाची कसून तपासणी केली. १९९१च्या त्यांच्या ग्रंथानुसार मुलांच्या बुद्धीत किंवा अभ्यासात म्हणावी तशी वाढ दिसली नाही. शिक्षकांमध्ये मात्र चांगला बदल दिसला. संगणकावरच्या स्मरणशक्तीच्या सरावाचंही तसंच. २०१३मध्ये मेल्बी-लेर्वाग आणि हल्म या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सराव करणारे त्या कामात तरबेज होतात, पण वाचन-गणितात त्याचा लाभ उतरत नाही, असं आढळलं. ठिपके जोडून जोडून ठिपकेच जोडता येतात. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची मूलभूत अडचण, असलेल्या मुलाला ध्वनी आणि अक्षर यांची सांगड पद्धतशीर शिकवावीच लागते. त्याला पर्याय नाही. ‘मेंदू तल्लख करू’ अशा जाहिरातींना भुलून फी भरणाऱ्या आईवडिलांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

मग या कागदाचं मोल काय? मला ते शेजारी बसलेल्या माणसात दिसतं. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमता मान्य केली. प्रमाणपत्र असलं की परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो. तो मिळायलाच हवा. पण ज्याला वर्षानुवर्षं ‘ढ’ म्हटलं गेलं, त्या मुलाला तो वेळ वापरायचा कसा, हे कुणी शिकवलेलं असतं का?

फॉयरस्टाईन यांच्या उपक्रमाचं ब्रीद साधं आहे: एक मिनिट थांबा, मला विचार करू द्या. चुकायच्या भीतीने उत्तर फेकून मोकळं होणारं मूल ज्या दिवशी पेन्सिल उचलून धरतं आणि हे वाक्य स्वतःहून म्हणतं, त्या दिवशी त्याच्या चौकोनाला ठिपका पुरलेला असतो. आणि ते मिनिट त्याला कुणीतरी आधी दिलेलं असतं.