थुकरटवाडीचा निरोप

पैठण रस्त्यावरचे आमचे चितेगाव एकेकाळी टीव्हीचे गाव होते. व्हिडिओकॉनचा कारखाना इथलाच. खोक्यांत भरलेले संच ट्रकांतून बाहेरगावी जात आणि पाळी सुटली की आमच्या वस्तीतली माणसे सायकली हाणत घरी येत. गंमत अशी, की ज्यांच्या हातून दिवसभर टीव्ही जात, त्यांच्या स्वतःच्या घरी टीव्ही नसे. १९९० च्या सुमारास आम्ही पोरे गावातल्या एका घरी टीव्ही बघायला जायचो. घर कुणाचे ते सांगत नाही, ती माणसे आता राहिली नाहीत. गावची पोरे आत सतरंजीवर बसत. आम्ही ओट्याखाली उभे राहून दाराच्या चौकटीतून दिसेल तेवढे बघायचे. आतली मंडळी हसली की आम्हीही हसायचो. पुष्कळदा पडदा दिसलेला नसे, विनोद ऐकूही आलेला नसे. पण हसायचे राहून जाऊ नये, म्हणून हसून घ्यायचो.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे झी मराठीवरचा 'चला हवा येऊ द्या'. १८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेला हा कार्यक्रम मार्च २०२४ मध्ये बंद झाला. साडेनऊ वर्षे म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे. आमची मुलगी तो सुरू झाला तेव्हा अंगणवाडीत होती, बंद झाला तेव्हा दहावीच्या उंबरठ्यावर होती. सुरुवातीची कित्येक वर्षे तो सोमवारी आणि मंगळवारी रात्री साडेनऊला लागे. त्या दोन दिवशी आमच्याकडे नऊच्या आत भाकरी थापून, जेवून, भांडी घासून होत. बाहेर कुणाशी महत्त्वाचे बोलणे चालू असले तरी साडेनऊला माय आतून हाक द्यायची, ''सुरू झालं रं!'' संच व्हिडिओकॉनचाच होता. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आमचा संच मात्र चालत राहिला.

विनोदी मालिका त्याआधी आम्ही पाहिल्या नव्हत्या असे नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आम्हाला मनापासून आवडायची. दिलीप प्रभावळकरांचे आबा कुणाला आवडणार नाहीत? २००५ साली ती संपली तेव्हाही चुकल्याचुकल्यासारखे झाले होते. पण ते घर टिपऱ्यांचे होते. आपण त्यांच्याकडे पाहुणे. पाहुण्याने जसे सांभाळून बसावे, तसे आम्ही ती मालिका बघायचो.

थुकरटवाडीत तसे झाले नाही. डॉ. निलेश साबळे यांनी उभे केलेले हे खोटे गाव आम्हाला पहिल्या महिन्यातच ओळखीचे वाटू लागले. भारत गणेशपुरे अमरावतीकडची बोली बोलायचे, ती शुद्ध करून घ्यायची कुणाला गरज वाटली नाही. सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचे. ती पत्रे लिहिणारे अरविंद जगताप आपल्या मराठवाड्याचेच. हसून हसून पोट दुखत असताना मध्येच एक पत्र यायचे आणि घरात चिडीचूप व्हायचे. आम्ही कचेरीत आवक-जावक सांभाळणारे, आयुष्यात हजारो पत्रे हाताळली. पण पत्र ऐकून डोळे पुसावेत, असे कचेरीत तरी कधी घडले नाही.

आणि भाऊ कदम. त्यांचे ते संथ बोलणे, एवढेसे तोंड करून समोरच्याकडे बघणे, सगळे हसून झाल्यावर सावकाश टाकलेला एखादाच शब्द. नटाने हसवण्यासाठी जिवाचा आटापिटा करायचा असतो, अशी आमची समजूत होती, ती त्यांनी मोडली. नाटक-टीव्हीत जम बसण्याआधी ते पानाचे दुकान चालवत होते, हे त्यांनी मुलाखतींतून सांगितलेले आहे. आमच्या मेव्हण्याचीही पानटपरी आहे, त्यामुळे आमच्या सहचारिणीला ते माहेरचेच वाटायचे. एके दिवशी विहारात कुणीतरी मायला सांगितले, ''तो आपला हाय, बौद्ध हाय.'' त्या सोमवारी माय टीव्हीच्या आणखी जवळ सरकून बसली. विनोद तेच होते. पण ती हसायची ते आता घरच्या पोराने बक्षीस आणल्यासारखे.

सगळेच गोड होते असे म्हणणार नाही. बाप्यांनी साड्या नेसून मुरडायचे आणि त्यावर हशा, हे आमच्या सहचारिणीला कधी पटले नाही. भाऊंची शांताबाई लागली की त्या उठून दूध विरजायला जायच्या. काळा रंग, जाड अंग यांवरचे विनोद मुलीबरोबर बसून ऐकताना आम्हालाही अवघड व्हायचे. दुसरी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा लक्षात आली. थुकरटवाडीत सरपंच होता, पोस्टमन होता, सतरा तऱ्हेची माणसे होती, पण गावकुसाबाहेरची वस्ती काही आम्हाला दिसली नाही. २०१६ साली 'सैराट'ची मंडळी तिथे आली, नाचली, हसली, सगळ्यांना आनंद झाला. त्या चित्रपटाचा शेवट ज्या कारणाने तसा होतो, ते कारण थुकरटवाडीच्या वेशीबाहेरच थांबले. आपल्या भीमराव कर्डकांच्या जलशात विनोद होता तो सावकार आणि भटजी यांच्यावर होता, ऐकणाऱ्याला शहाणा करणारा होता. टीव्हीवर जाहिरातींच्या मध्ये ते जमणे कठीण, हेही आम्ही समजतो.

आता २०१७ चे सांगायला हवे. त्या वर्षी भाऊ कदमांच्या घरी गणपती बसल्याची बातमी आली आणि समाजात वादळ उठले. वर्षावास चालू होता. विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असे. त्या दिवशी वाचन बाजूलाच राहिले. पोरे तापलेली होती. बावीस प्रतिज्ञांमधली तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीविषयीच आहे, हे प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता. कार्यक्रमावर बहिष्कार टाकावा असे ठरले. अक्षर बरे आणि बी.कॉम. झालेले, म्हणून निषेधाचे पत्र लिहायचे काम आमच्याकडे आले. आम्ही ते जोरात लिहिले. त्याची लाज आम्हाला आजही वाटत नाही, कारण प्रतिज्ञा ही काही सोयीने पाळायची गोष्ट नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी देव सोडले तेव्हा त्याची किंमत मोजली आहे.

पत्र रवाना व्हायच्या आतच भाऊंनी समाजाची माफी मागितली. विहारातला विषय मिटला. आमच्या घरातला मिटला नाही. आम्ही हट्टाने सोमवार-मंगळवारी टीव्ही बंद ठेवू लागलो. माय काही बोलली नाही. फक्त त्या दोन रात्री तिला शेजारच्या गल्लीतल्या आजारी मावशीची फार काळजी वाटू लागली. पाच-सहा आठवडे झाले तरी मावशीला उतार पडेना, म्हणून एका मंगळवारी आम्ही बिस्किटाचा पुडा घेऊन भेटायला गेलो. दारातूनच हशा ऐकू आला. मावशी ठणठणीत होती. माय तिच्या बाजेवर मांडी घालून बसली होती, पदराने डोळे पुसत होती. पडद्यावर भाऊ.

आम्ही उंबऱ्यातच थांबलो. मायने आमच्याकडे पाहिले, पण आवाज कमी केला नाही.

''माझ्या बापानं देव गोदावरीत सोडले, तव्हा ते टोपलं माझ्या डोक्यावर होतं,'' ती म्हणाली. ''आठ-नऊ वर्साची आसंल. तू तव्हा कुठं होता? त्या पोराचं चुकलं. त्यानं माफी मागितली. आता तू कशापायी फुगून बसलास?''

मावशी म्हणाली, ''बस की बाबा, उभा काऊन राह्यला?''

आम्ही बाजेच्या कडेला टेकलो. लहानपणी ओट्याखाली उभे राहून हसलेले आम्ही, कार्यकर्ते झालो तसे आपल्याच मायला हसण्यासाठी चोरून दुसऱ्याच्या घरी धाडू लागलो होतो. हे त्या बाजेवर बसल्यावर उमगले. पुढच्या सोमवारपासून आमचा संच पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर सहाएक वर्षे तो चालला. शेवटीशेवटी वार बदलले, काही चेहरे गेले, विनोदही पहिल्यासारखे धारदार राहिले नाहीत. मार्च २०२४ मध्ये बंद होणार हे कळले तेव्हा आम्हाला खरे म्हणजे फार नवल वाटले नाही. मुलगी मोबाइलवरच तुकडे बघायची. एकट्या मायला ते लागले. साडेनऊच्या सुमारास ती उगाच रिमोट घेऊन बसायची. पुढची हकिकत आताच सांगून टाकतो. जुलै २०२५ मध्ये त्याच नावाचा कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. अभिजीत खांडकेकर सूत्रसंचालक, श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे ही जुनी मंडळी होती, गौरव मोरेसारखा नवा गडीही होता. निलेश साबळे आणि भाऊ कदम मात्र नव्हते. मायने बराच वेळ पाहिले, ''त्यो कुठंय?'' असे दोनदा विचारले आणि गोधडी ओढून घेतली.

पण २०२४ च्या त्या मार्च महिन्यातली गोष्ट सांगायची राहिली. कार्यक्रम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीतून आलो, तर माय वही-पेन पुढे घेऊन बसलेली. ''त्या टीव्हीवाल्यांस्नी पत्र लिव्ह,'' म्हणाली. ''का बंद केलं म्हून इचार. तू कारकून हायेस ना?'' आम्ही सवयीने 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात केली. तिने ती खोडायला लावली. मग ती सांगत गेली, आम्ही लिहीत गेलो. दीड पान झाले. सहीच्या जागी तिने साक्षरता वर्गात शिकलेले आपले नाव सावकाश लिहिले. पाकीट चिकटवणार तोच म्हणाली, ''थांब. भाऊला सांगा म्हणावं, पैठणकडं कधी आला तर चितेगावला उतर. भाकरी खाऊन जा.''

त्या पत्राची नक्कल आम्ही विहाराच्या फायलीत लावली आहे. त्याच फायलीत, दोन-चार कागद सोडून, २०१७ चे आमचे निषेधाचे पत्र आहे. त्यावर जावक क्रमांक पडलेला नाही. मायच्या पत्रावर आहे.