जहाज कुठे लागणार, ते आधी बघा

कर्जत-खालापूर रायगडात असले तरी त्यांच्या वाट्याला समुद्र आला नाही. आले ते घाट, भाताची खाचरं आणि मुंबईची लोकल. पण गटसहलींच्या जाहिराती घाटाच्या पायथ्यापर्यंत पोचतात, आणि क्रूझचं बुकिंग झालं की लशींबद्दलचे ऐकीव सल्लेही सुरू होतात.

गैरसमज : बोटीवर चढायचं तर लशी टोचून घ्याव्याच लागतात.

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारी क्रूझ म्हणजे देशातल्या देशातला प्रवास. लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना लागतो, लशीचा दाखला नाही. कोविडच्या काळात प्रत्येक दारात प्रमाणपत्र दाखवायची सवय लागली, तिचाच हा अवशेष असावा. क्रूझ कंपनीची स्वतःची काही अट असेल तर ती तिकिटाच्या कागदांत असते, ती वाचावी. बाकी कोणती लस लागणार हे जहाज ज्या बंदरांना लागणार आहे त्यांवर आणि तुमच्या वयावर, प्रकृतीवर ठरतं.

गैरसमज : ‘यलो फीव्हर’ म्हणजे कावीळच; तिची लस मुलांना दिलेलीच आहे.

मुलांना देतात ती हिपॅटायटिस बीची. यलो फीव्हर हा वेगळा, डासांमधून पसरणारा विषाणू. तो आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत आढळतो. केनियाची सफारी किंवा ब्राझीलची बंदरं तुमच्या मार्गात असतील तर ही लस घ्यावी लागते. दाखला फक्त तिकडचे अधिकारी मागतात असं लोक धरून चालतात. खरा अडसर परतताना येतो. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास इथे भरपूर आहे. डेंग्यूही तोच पसरवतो. म्हणून आपलं सरकार या बाबतीत जगातल्या कडक सरकारांपैकी एक आहे. यलो फीव्हर असलेल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत दाखल्याशिवाय भारतात उतरलात, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. जहाजासाठी नियम आणखी लांबचा आहे : भारतात पोचण्याआधीच्या 30 दिवसांत ते तशा एखाद्या बंदराला लागलं असेल आणि त्यावर नियमाप्रमाणे डासनाशक फवारणी झालेली नसेल, तर प्रवाशांकडे दाखला मागितला जातो. त्यामुळे जहाजावर नोकरीला जाणाऱ्या मुलांनी पहिल्या मार्गात आफ्रिका नाही म्हणून निश्चिंत राहू नये, मार्ग बदलतात.

ही लस गावातल्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रांचाच दाखला चालतो. कर्जतच्या लोकलने भायखळ्याला उतरलं की जे. जे. रुग्णालय आहे, शिवाय मुंबईच्या बंदर आणि विमानतळ आरोग्य संघटना आहेत. एका कुपीत अनेक डोस असतात आणि उघडलेली कुपी काही तासांत संपवावी लागते, म्हणून आधी वेळ घेऊनच जावं. दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. निघायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करण्यात अर्थ नाही. 11 जुलै 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. दाखल्याच्या जुन्या पिवळ्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरीही.

गटसहलीत निवृत्त मंडळी बरीच असतात, म्हणून एक गोष्ट ठळक सांगायला हवी. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, गर्भारपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, हेही डॉक्टरांना आधी सांगायचं. सूट मिळाल्याचं पत्र मिळू शकतं, पण परतल्यावर विलगीकरणाची शक्यता उरतेच. अशा वेळी दुसरी सहल निवडणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

गैरसमज : गावच्या पाण्यावर वाढलो, टायफॉइड-काविळीची लस परदेशी लोकांना.

यात अर्धं तथ्य आहे. विहिरी-ओढ्यांचं पाणी पीत वाढलेल्या पिढीत हिपॅटायटिस ए बहुतेकांना लहानपणी नकळत होऊन गेलेला असतो. फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या नातवंडांचं तसं नाही. टायफॉइड मात्र एकदा होऊन गेला तरी पुन्हा होतो. 2018 मध्ये शेजारच्या नवी मुंबई महापालिकेने लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची नवी संयुग्मित लस दिली, ती कुठल्या क्रूझसाठी नव्हे. थोडक्यात, ही लस घरी राहणाऱ्यालाही उपयोगी आहे.

गैरसमज : लशी झाल्या, आता बोटीवर पोट बिघडणार नाही.

जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ आणणारा नेहमीचा गुन्हेगार नोरोव्हायरस, आणि त्यावर लस उपलब्ध नाही. अल्कोहोलच्या सॅनिटायझरलाही तो फारसा दबत नाही. बुफेच्या रांगेत शिरण्याआधी साबणाने हात धुवावेत. फ्लूवर मात्र लस आहे; मधुमेही आणि ज्येष्ठांनी ती निदान दोन आठवडे आधी घ्यावी.

माथेरानच्या माकडांची सवय असलेल्यांना बालीतली माकडंही लाडकी वाटतात. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवावी आणि बोट सुटायची वाट न बघता रेबीजच्या लशीसाठी डॉक्टर गाठावा. आधी लस घेतलेल्यांनाही चावल्यानंतरचे डोस लागतात.

डॉक्टरकडे निघायच्या सहा आठवडे आधी जावं. सोबत बंदरांची तारखांसह यादी, विमान मधे कुठे थांबणार ते, रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि पासपोर्ट असावा. पिवळ्या पुस्तिकेवरचं नाव आणि क्रमांक पासपोर्टशी जुळतात का, शिक्का उमटलाय का, हे केंद्रातून बाहेर पडायच्या आत तपासावं.