एकट्या इलेक्ट्रोडला व्होल्ट नसतात

रिमोटमधला पेन्सिल सेल आणि विजेरीतला जाडजूड सेल, दोन्हींवर १.५ व्होल्टच छापलेलं असतं. आकारात एवढा फरक असूनही दाब सारखाच, कारण दोन्हींत समोरासमोर बसलेले पदार्थ तेच: जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड. पदार्थ कोणते यावर दाब ठरतो. ते किती आहेत यावर सेल किती काळ पुरणार हे ठरतं. शाळेत हा विषय विभवांचं कोष्टक पाठ करण्यातच संपतो, याची मला मनापासून खंत वाटते.

बोलोन्याच्या लुईजी गॅल्व्हानीने १७९१मध्ये बेडकांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दोन धातूंचा स्पर्श झाला की मेलेल्या बेडकाचा पाय झटका देई, आणि ही वीज प्राण्याच्या अंगातलीच, असं त्याचं मत होतं. पाव्हियाच्या आलेस्सांद्रो व्होल्टाला ते पटलं नाही. वेगवेगळे धातू हेच खरं कारण, असं तो म्हणे. जस्त आणि चांदीच्या चकत्या, मधे खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत त्याने रचली आणि मार्च १८००मध्ये पत्र पाठवून ती लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. सलग वाहणारी वीज तिथून हाती आली, पण ती लवकर मंदावायची.

लंडनच्याच जॉन फ्रेडरिक डॅनियलने १८३६मध्ये केलेला घट मात्र स्थिर होता. आज तो असा मांडतात: जस्ताची पट्टी झिंक सल्फेटच्या द्रावणात, तांब्याची पट्टी मोरचुदाच्या द्रावणात, मधे सच्छिद्र मातीची भिंत. तार जोडली की जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन पट्टीवर सोडून द्रावणात उतरतो. ते इलेक्ट्रॉन तारेतून पलीकडे जातात आणि तिथला तांब्याचा आयन ते घेऊन पट्टीवर बसतो. मोरचुदाची निळाई फिकटते, तांब्यावर लालसर थर चढतो, जस्त झिजत जातं. मातीच्या भिंतीतून आयन सरकले नाहीत, तर दोन्हीकडे विद्युतभार साचून सगळं क्षणात थांबेल. व्होल्टमीटर १.१० दाखवतो.

यातले जस्ताचे किती आणि तांब्याचे किती? हे मोजताच येत नाही. व्होल्टमीटरला दोन टोकं लागतात, आणि दुसरं टोक द्रावणात बुडवलं की तोच दुसरा इलेक्ट्रोड होतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी एक शून्य ठरवून घेतलं: ठरावीक तीव्रतेच्या आम्लात प्लॅटिनम, आणि त्यावर १ बार दाबाचा हायड्रोजन. त्याच्या तुलनेत येणारे व्होल्ट म्हणजेच त्या पदार्थाचं विभव: तांबं +०.३४, जस्त −०.७६. फरक १.१०. द्रावणाची तीव्रता बदलली की हे आकडेही सरकतात. किती, ते वाल्थर नेर्न्स्टने १८८९मध्ये सूत्रात बसवलं.

कोष्टकाचा खरा उपयोग मला छपराच्या पत्र्यात दिसतो. लोखंड −०.४४. त्यावर जस्त चढवलेलं असेल, तर ओरखडा पडला तरी जस्तच आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. डब्याच्या पत्र्यावर कथील असतं, −०.१४. बाहेरच्या पावसापाण्यात त्यावर ओरखडा पडला की इलेक्ट्रॉन द्यायची पाळी लोखंडावरच येते आणि तिथला गंज उलट वेगाने वाढतो. दुसरा धातू झिजू देऊन पहिला वाचवायची युक्ती हम्फ्री डेव्हीने १८२४मध्ये ब्रिटिश आरमारात वापरली: जहाजांच्या तळाच्या तांब्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं टिकलं, पण त्यावर शेवाळ आणि शंखशिंपले चढले, कारण विरघळणारं तांबंच त्यांना दूर ठेवत होतं.

लिथियम −३.०४ वर बसतं. त्याच्यापुढे पाणी टिकत नाही, म्हणून मोबाइलच्या बॅटरीत पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक वापरतात.

मग गॅस्टन प्लांतेची १८५९ची शिसं-आम्ल बॅटरी पाण्यात कशी चालते? तिच्या एका कप्प्याचा दाब साधारण २ व्होल्ट असतो, आणि कोष्टकाप्रमाणे १.२३ व्होल्टलाच पाण्याचं विघटन व्हायला हवं. पण क्रिया होऊ शकते का, एवढंच विभव सांगतं. किती वेगाने होईल, हे सांगत नाही. शिशावर हायड्रोजन सुटायची क्रिया अतिशय संथ असते, आणि त्या संथपणावरच इन्व्हर्टरची शिसं-आम्ल बॅटरी तग धरते. ती क्रिया पूर्ण थांबत मात्र नाही. चार्जिंगच्या शेवटी पाणी थोडंथोडं फुटून वायू होतं, पातळी उतरते, आणि डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. नळाचं पाणी घालू नये, कारण त्यात विरघळलेले काही धातू बॅटरीतल्या नको त्या क्रियांना वेग देतात आणि ती न वापरताही उतरू लागते.